रुग्णालयातील बुरशी आणि कंत्राटी झाडू

रुग्णालयात माणूस बरा होण्यासाठी जातो. तेथे गेल्यावर मूळ दुखण्याशी काडीचाही संबंध नसलेला नवाच रोग त्याला जडावा, ही गोष्ट आपण फार काळ नशिबाच्या खात्यावर टाकीत आलो आहोत. 'कॅन्डिडा ऑरिस' या बुरशीने ते खाते आता बंद करावयास लावले आहे. २००९ साली जपानमधील एका वृद्धेच्या कानात ती प्रथम ओळखली गेली. लॅटिनमध्ये 'ऑरिस' म्हणजे कान. नाव कानाचे असले तरी तिचा मुक्काम असतो तो अतिदक्षता विभागात. खाटेचा कठडा, सलाईनची दांडी, ताप मोजण्याचे साधन यांवर ती आठवडेच्या आठवडे तग धरते, रुग्णाच्या त्वचेवर गुपचूप वस्ती करते आणि नळी वा सुई शरीरात शिरली की तिच्या वाटेने रक्तात उतरते. अशा रुग्णांपैकी एकतृतीयांशाहून अधिक दगावतात. त्यांतील बहुतेक आधीच अत्यवस्थ असल्यामुळे मृत्यूचे माप नेमके कोणाच्या पदरात घालावे, हे सांगणे अवघड असते. बुरशीविरुद्ध वापरावयाच्या औषधांची प्रमुख कुळे अवघी तीन आहेत आणि या तिन्हींना न जुमानणारे तिचे वाण आढळले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी केली, तेव्हा सर्वांत वरच्या गटातील चार नावांत हिचे नाव होते.

२०२१ मधील 'काळी बुरशी' वाचक विसरले नसतील. ती वेगळी, ती एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात नाही. पण ॲम्फोटेरिसिनच्या एका कुपीसाठी नातेवाईक गावोगाव फिरले आणि त्या औषधावरील कर शून्य करण्यास जून उजाडावा लागला, हे या संदर्भातही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. औषध हा शेवटचा तट आहे, आणि तोही खचलेला.

पहिला तट सफाईचा. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने वैद्यकात तोंड का घालावे, असे कोणी विचारील. परंतु येथून पुढचा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि मजुरीचा अधिक आहे. नेहमीच्या वापरातील काही जंतुनाशके या बुरशीवर पुरेशी चालत नाहीत. क्लोरीनयुक्त द्रावण योग्य प्रमाणात करून ते काही मिनिटे पृष्ठभागावर ओले राहू द्यावे लागते आणि प्रत्येक वस्तू वेगळी पुसावी लागते. ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांपर्यंत ही बुरशी पोहोचली. तपासाअंती रोख वळला तो काखेत लावून पुन:पुन्हा वापरावयाच्या ताप मोजण्याच्या साधनांकडे; ती काढून टाकल्यावर साथ ओसरली. तात्पर्य, ही लढाई द्रावणाचे प्रमाण जाणणारा हात आणि त्या हाताला दिलेली मिनिटे यांवर जिंकली वा हरली जाते.

ती मिनिटे कोणाची असतात? आपल्या रुग्णालयांत ज्यांना सारे 'मावशी' म्हणतात, त्या बहुधा कंत्राटदाराच्या पटावर असतात. कंत्राट मिळते सर्वांत कमी दराच्या निविदेला. दर कमी करावयाचा तर माणसे कमी करावयाची, शिकविणे टाळावयाचे, द्रावण पातळ करावयाचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगारसुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने तर यावर कायद्याचीच मोहोर उठविली आहे. आस्थापनेच्या 'गाभ्याच्या' कामात कंत्राटी मजुरांना मनाई करताना, आस्थापना त्यासाठीच स्थापन झालेली नसल्यास झाडलोट, सफाई व कचरा उचलणे ही कामे गाभ्याबाहेरची ठरविण्यात आली आहेत. कापडगिरणीपुरते हे एक वेळ समजू शकते. परंतु रुग्णालयात सफाई हाच उपचार असतो, हे मसुदा करणाऱ्यांना कोणी सांगितले नसावे. इंग्लंडमध्ये १९८३ पासून रुग्णालयांची सफाई निविदांवर टाकण्यात आली. तेथील १२६ रुग्णालय-न्यासांच्या २०१० ते २०१४ च्या आकडेवारीचा अभ्यास झाला, तेव्हा सफाई बाहेर दिलेल्या न्यासांत 'एमआरएसए' या औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूचे प्रमाण अधिक आढळले. तो जिवाणू आहे, बुरशी नव्हे. पण दोघांचाही प्रवास अस्वच्छ हात आणि न पुसलेला कठडा यांवरूनच होतो.

सार्वजनिक रुग्णव्यवस्थेचा कैवार घेणाऱ्या आम्हा मंडळींनाही एक कडू घोट घेणे भाग आहे. भारतातील २७ अतिदक्षता विभागांत २०११-१२ मध्ये झालेल्या पाहणीत १९ ठिकाणी ही बुरशी सापडली, आणि तिचे प्रमाण सार्वजनिक रुग्णालयांत अधिक होते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु ज्या देशात केंद्र व राज्ये मिळून आरोग्यावर २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के खर्च करीत होती आणि २०१७ च्या धोरणातील अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट कागदावरच राहिले, तेथे एका परिचारिकेने किती खाटा सांभाळाव्यात याचा हिशेब कोणीही मांडून पाहावा. खाजगी रुग्णालये यातून सुटतात असेही नाही. त्यांचा आजार निराळा, तो लपवाछपवीचा. संसर्ग जाहीर करणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते, दडपणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. ग्राहकाला मालाची पारख असते, या गृहीतावर बाजाराचे सारे समर्थन उभे आहे. रुग्णवाहिकेतून आलेला बेशुद्ध माणूस कसली पारख करणार? न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ही बुरशी आढळलेल्या रुग्णालयांची नावे प्रसिद्ध केली. त्यामुळे तेथील रुग्णालये ओस पडली नाहीत. आपल्याकडे कोणत्या रुग्णालयात किती जणांना असा संसर्ग झाला, हे सामान्य माणसाला कळण्याची सोय नाही. ती कायद्याने झाली पाहिजे आणि नियम सरकारी व खाजगी दोहोंना एकच हवा.

सफाई कामगारांना रुग्णालयाच्या कायम सेवेत घेण्यास वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. तोवर निविदेत दराआधी खाटांमागे माणसे किती, प्रशिक्षणाचे दिवस किती, द्रावण कोणते, हे लिहिलेले असावे आणि संसर्ग-नियंत्रण समितीत परिचारिकांबरोबर मावशींचाही प्रतिनिधी बसावा. महापालिकेचे अंदाजपत्रक हाती आले की नगरसेवकांनी त्यातील रुग्णालय-सफाईच्या कंत्राटाचा आकडा शोधून तो खाटांच्या संख्येने भागून पाहावा, आणि दिवसाकाठी एका खाटेच्या वाट्याला किती पैसे येतात, ते सभागृहात मोठ्याने वाचून दाखवावे.