लगाम ढिला सोडण्याची विद्या

‘घोडं माणूस वळखतंय. पहिल्याच दिवशी धनी कोन त्ये दावायचं, मग जन्मभर काय बघाय नको.’ कोल्हापूर परिसरात घोडी राखणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. नवशिक्याला रपेट शिकवणाराही तेच सांगतो आणि शर्यतीची घोडागाडी हाकणाराही. या वाक्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा खोटा आहे, आणि घोडा व स्वार दोघांनाही घातक आहे.

घोडा माणूस ओळखतो, याबद्दल वादच नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये घोड्यांना माणसांच्या रागावलेल्या आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. रागीट चेहरा दिसला की घोड्यांच्या छातीचे ठोके लवकर चढत. त्याआधी 2009 मध्ये स्वीडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. स्वारांनी ठरलेल्या टप्प्यावरून घोडा न्यायचा, आणि शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगायचं की या वेळी घोड्याजवळ छत्री उघडली जाणार आहे. छत्री उघडली गेलीच नाही. पण स्वाराच्या मनात ती उघडली होती, त्याचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. स्वार रिकिबीत घट्ट झाला, त्याची मांडी आवळली, श्वास अडला, की खालच्या जनावराला ते कळतं. म्हणजे धाक दाखवायला निघालेल्या माणसाचा राग आणि त्या रागाखालची भीती, दोन्ही घोड्याला आधीच पोचलेली असतात.

आता दुसरा भाग. ‘धनी कोण’ हा प्रश्न माणसाच्या डोक्यातला आहे. घोडा हे चरणारं जनावर. कळपात राहायचं, धोका दिसला की पळायचं, यावर त्याची जात तगली. स्वाराचा अपमान करावा, त्याची फजिती करावी, असला बेत करणारं डोकं निसर्गाने त्याला दिलेलंच नाही. तो अडतो, बुजतो, उधळतो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. तो घाबरलेला असतो, त्याला कुठेतरी दुखत असतं, नाहीतर आपण काय मागतोय ते त्याला कळलेलं नसतं. यांपैकी एकाही कारणावर चाबूक हा उपाय नाही.

रस्त्याकडेची प्लॅस्टिकची पिशवी घ्या. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. नजरेच्या कडेला काहीतरी फडफडलं की तो आधी दचकतो, मग बघतो. नेमक्या त्याच क्षणी वरून कोरडा बसला, तर तो शिकतो काय? पिशवी दिसली की अंगावर आग उठते, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो त्याच वळणावर दुप्पट बुजतो आणि स्वार म्हणतो, ‘बघा, किती मुजोर झालाय.’

मुजोरीच्या बऱ्याच तक्रारी तर तोंड उघडून पाहिलं तर मिटतील. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत असतात आणि चावता चावता झिजतात. झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात आणि गालाच्या आतून चिरे पडतात. मग लगाम ओढला की तो डोकं वर फेकतो. मालकाला वाटतं घोडा लगामाला जुमानत नाही, म्हणून तो आणखी जाचक, काटेरी लगाम आणतो. काटेरी लगामाला 1965 च्या ओझ्याच्या जनावरांविषयीच्या नियमांत साफ मनाई आहे, तरी तो वापरणारे सापडतात. पोटाचंही तसंच. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, खाल्लं असो वा नसो. दिवसभर थोडं थोडं गवत चघळणारं हे जनावर चंदीचे दोन तोबरे देऊन मधला वेळ रिकाम्या पोटी बांधून ठेवलं, की जठराला व्रण होतात. अशा घोड्याचा तंग आवळताना जरा त्याच्याकडे बघा. कान मागे पडतात, शेपूट झटकते, मान वळते आणि दात मोकळ्या हवेत वाजतात. आपण त्याच्यावर ‘चावरा’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. या कोड्यात घोड्याला कुणी मुजोर म्हटलेलं नाही. चूक राखणाऱ्याच्या पदरात घातली आहे.

यावर एक अभिमानी उत्तर येतं. मराठ्यांनी घोड्याच्या टापांवर अटकेपर्यंत मजल मारली ती काय घोड्यांना गोंजारत? मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आपल्याच इतिहासाला आपण उणेपणा आणतो. ज्याचा जीव रणात घोड्याच्या चार पायांवर अवलंबून आहे, तो बारगीर भेदरलेल्या घोड्यावर कसा विसंबेल? शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, ही त्यातली ताकीद आहे. दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताला आग लागेल, इथपर्यंत विचार केलेला आहे. ज्या राजाला घोड्याच्या पुढ्यातल्या गवताची इतकी काळजी, त्याच्या घोडदळाचा वारसा सांगत आज कुणी चाबूक उगारावा, हे मला मान्य नाही.

वारसा पाहायचाच तर आपल्या रस्त्यांवरून जाणारा धनगरांचा वाडा पाहावा. मेंढरांच्या मागे ठेंगण्या, काटक घोड्या चालतात. पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी एखादं लेकरू. पुष्कळदा त्यांना हाताने धरलेलंही नसतं. शेजारून ट्रक भोंगा वाजवत जातो, घोडी एक कान तिकडे फिरवते आणि पाऊल न चुकवता चालत राहते. ही भीमथडी घोड्यांची परंपरा, आणि या घोड्यांना आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही मिळाली आहे. या घोडीला धनी कोण हे कुणी मारून शिकवलेलं नाही. शिंगरू असल्यापासून ती त्याच माणसांत, त्याच कुत्र्यांत, त्याच गलबल्यात वाढली आहे.

सीमेपलीकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व तर साऱ्या महाराष्ट्राने पाहिलेले. अंकलीहून पायी आळंदीला जायचं, तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला. रिंगणात एका अश्वावर स्वार असतो आणि माउलींच्या अश्वाची पाठ मोकळी असते. टाळमृदंगांचा गजर आणि दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती, त्यातून तो अश्व दौडतो. मग टापांखालची माती कपाळी लावायला माणसं धावतात. श्रद्धेला हात न लावता मी एवढंच म्हणेन: त्या पाठीवर टाच मारणारं कुणी नसतं, तरीही तो ठरल्या वाटेने धावतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, कारण तीही चुकतात. ‘नुसती माया लावा, गूळ भरवा, घोडा आपोआप तुमचा होतो’ असं सांगणारे हल्ली वाढले आहेत. हेतू चांगला, पण याने घोडा गुळाचा होतो, तुमचा होत नाही. खिसे हुंगणारा, गूळ नाही मिळाला तर दात लावणारा घोडा विश्वासू नसतो. त्याची फक्त सवय बिघडलेली असते. शिवाय रोजचा गूळ त्याच्या पोटाला आणि खुरांनाही बरा नव्हे. घोड्याला लाडापेक्षा हवा असतो अंदाज. हा माणूस आता काय करणार, हे त्याला आधी कळलं पाहिजे. काल जे चाललं त्याबद्दल आज मार, सकाळी गोंजारणं आणि संध्याकाळी शिव्या, हे घोड्याला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. माझं सगळं म्हणणं याच मुद्द्यावर उभं आहे: घोड्याचा विश्वास म्हणजे आपल्या हाताबद्दलची त्याची खात्री.

ती खात्री लगामातून कशी जाते ते सांगतो. घोड्याला थांबवायचं आहे. स्वार आधी स्वतः सैल बसतो, श्वास सोडतो, मग बोटं मिटतात आणि लगामाचा भार तोंडाला जाणवतो. घोडा अर्धं पाऊल मंदावतो. त्याच क्षणी बोटं उघडली पाहिजेत. घोडा शिकतो तो ओढण्यातून नव्हे, सोडण्यातून. सोडायला थोडाही उशीर झाला तरी त्याला कळत नाही की बरोबर काय केलं. आणि सोडलंच नाही, सुट्टीत रंकाळ्यावर पोराला पाठीवर बसवून तोंड करकचून धरतात तसं धरून ठेवलं, तर तो एक तर लगामावर रेलायला शिकतो, नाहीतर तोंडाला घट्टा पडून बधिर होतो. मग म्हणायचं, याचं तोंड कडक आहे. ते हातांनीच कडक केलेलं असतं.

आणि हे सगळं खोगीर चढवण्याच्या फार आधी सुरू होतं. इथल्या तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी जोड देत नाही. माती उकरायला लावतो, जोर-बैठकांत महिने घालवतो. रपेट शिकायला आलेल्याला मात्र आपण तासाभरात मांड ठोकायला लावतो. त्याने आधी खरारा करावा. समोरून नव्हे, खांद्याकडून जावं, आवाज देत जावं. मानेच्या बुडाशी, अयाळ संपते तिथे बोटांनी खाजवावं. घोडे एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमक्या या जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके उतरलेले दिसले. आपल्या मोतद्दारांना हे आकड्यांशिवाय माहीत होतं. घोडा शांत ठेवण्याचं श्रेय नेहमी स्वाराला मिळतं, काम मात्र मोतद्दाराचं असतं. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतले मोतद्दार गंगाराम कांबळे आपल्याला हौदाच्या पाण्यावरून झालेल्या छळामुळे आणि महाराजांच्या पाठबळावर काढलेल्या हॉटेलामुळे आठवतात. त्यांच्या हाताखालच्या घोड्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही. महाराजांचा खडखडा मात्र कोल्हापूर विसरलेलं नाही. तो म्हणजे घोड्यांना तालीम देण्यासाठीची गाडी. जाणत्या घोड्याशेजारी नवखा जुंपायचा आणि जाणत्याची शांतता त्याला लागू द्यायची, ही गाडीच्या घोड्यांची जुनी रीत आहे.

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत जड आहे. घोड्यावर पोट असलेला माणूस म्हणतो, ‘साहेब, एवढा वेळ कुणाला आहे? सुपारी आली की वरातीत उभं राहायचं, नाहीतर चंदी कुठून आणू?’ त्याचं खरं आहे. भेदरलेला घोडा शेवटी त्यालाच महागात पडतो, जखमा होतात, घोडा लवकर निकामी होतो. पण हे हिशोब ज्याच्या घरात महिन्याचा पैसा शिल्लक आहे त्याला सुचतात. म्हणून मी इथे बोट त्याच्याकडे नाही, सुपारी देणाऱ्यांकडे दाखवतो. परण्या निघतो, पुढे डॉल्बीच्या भिंती, घोड्याच्या कानाशी फटाक्यांची माळ, वर नवरदेव, त्याच्या पुढ्यात करवला, आणि सगळे ओरडतात, ‘नाचव!’ मग मालक लगामाला हिसडे देतो, पोटाला काठी टोचतो, घोडा पुढचे पाय आपटतो आणि आपण त्याला नाच म्हणतो. त्या वेळी त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसत असतो आणि मानेवर घामाचा फेस आलेला असतो.

तेव्हा ज्यांच्या घरी या हंगामात लग्न आहे त्यांनी सुपारी देतानाच ठरवावं: घोडा डॉल्बीच्या पुढे नाही, चांगल्या अंतराने मागे, फटाके तो गेल्यावर, नाचवायचा नाही, पाठीवर एकच माणूस, लगाम साधा, आणि तो चढवण्याआधी हातात घेऊन पाहायचा. मालकाचे पैसे यातलं काहीही कमी न करता पूर्ण द्यावेत, आणि हे सगळं पाळल्याबद्दल वर थोडे जास्त.