चाकू नको म्हणून सुई?

बीड जिल्ह्यात पाळीची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेली बाई पिशवी गमावून घरी येते, ही गोष्ट आता आपल्यापैकी कुणालाच नवी नाही. २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीचे आकडे मांडले. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहा जणींत एक.

या आकड्यांनी आपल्या कार्यकर्त्यांच्या मनात जी चीड बसली ती रास्तच आहे. पण त्या चिडीचा एक उलटा परिणाम मला हल्ली बैठकांमधून दिसतो. पाळी चुकते, अंगावर केस येतात, सोनोग्राफीत 'पीसीओडी' निघालं, असं सांगत एखादी मुलगी आली की आपल्यातलीच कुणी ताई तिला म्हणते, "ऑपरेशन नको, हार्मोनच्या गोळ्याही नकोत. ॲक्युपंक्चर कर. चिनी पद्धत आहे, हजारो वर्षांची, अपाय काहीच नाही." हे सांगणारीचा हेतू चांगला असतो. मला मात्र हा सल्ला पटत नाही, आणि तो संघटनेच्या नावाने दिला जाऊ नये असं माझं मत आहे.

आधी आजाराबद्दल. 'सिस्ट' या शब्दाने फार घोळ घातला आहे. रिपोर्टात गाठी लिहिल्या आहेत म्हटल्यावर आईला कॅन्सर दिसू लागतो, आणि त्या भीतीवर कुणाचा तरी धंदा चालतो. वास्तविक त्या गाठी नसतात. बीजकोशात बी पिकण्याची जी बारीक पुटकुळी असते, ती अर्ध्यावर थांबते. अशा थांबलेल्या पुटकुळ्या सोनोग्राफीत दिसतात. बी बाहेर पडत नाही म्हणून पाळी लांबते. पुरुषी म्हणवल्या जाणाऱ्या हार्मोनचं प्रमाण वाढतं, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या शंभरात दहा ते तेरा बायकांना हा त्रास असतो, आणि त्यांतल्या बहुतेकींना तो माहीतच नसतो. पिशवी काढून यातलं काहीही बरं होत नाही, कारण आजार पिशवीत नाहीच. पाळी बंद होते एवढंच, आणि तक्रार मिटल्यासारखी वाटते.

आता सुईचं. या सुईची परीक्षा खुद्द चीनमध्येच झाली आहे. पीसीओडी असलेल्या आणि मूल हवं असलेल्या एक हजार बायकांवर तिथल्या अनेक रुग्णालयांत प्रयोग झाला; निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना पद्धतशीर सुया, काहींना नुसत्या वरवर टोचलेल्या दिखाऊ सुया. त्याबरोबर काहींना बी पिकवणारी क्लोमिफेनची गोळी, काहींना औषध नसलेली गोळी. आठवड्यातून दोनदा, सोळा आठवडे. शेवटी हाती आलेली बाळं मोजली. खऱ्या सुयांच्या गटात शंभरात २१.८, दिखाऊ सुयांच्या गटात २२.४. म्हणजे फरक नाही. गोळीने मात्र फरक पडला: २८.७ विरुद्ध १५.४. खऱ्या सुयांच्या गटात अंगावरचे काळेनिळे डाग मात्र जास्त आढळले.

दुखण्यावर सुयांनी आराम पडतो असं सांगणाऱ्या बायका मला भेटतात, आणि त्यांना खोटं पाडण्याची मला गरज वाटत नाही. पाठदुखी-गुडघेदुखीची गोष्ट वेगळी. शिवाय सुया टोचणारी बाई अर्धा तास शेजारी बसते, पाळी कधी आली, झोप लागते का, घरी कोण काय बोलतं, हे विचारते. सरकारी दवाखान्यात हे कुणी विचारत नाही. मुली तिकडे का जातात याचं उत्तर मला वाटतं बरंचसं इथे आहे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदाही झाला आहे. पण कायद्याने टोचणाऱ्याची नोंद होते. कुठल्या आजाराला सुई लागू पडते याचा पुरावा त्यातून मिळत नाही.

सुयांबरोबर येणाऱ्या पुड्यांची मला जास्त काळजी वाटते. चिनी जडीबुटी, वजन उतरवणारी, 'रक्त शुद्ध करणारी'. १९९० च्या सुमाराला बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका क्लिनिकात बारीक होण्यासाठी बायकांना चिनी वनस्पतींची औषधं दिली गेली. त्यांत एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच मिसळली गेली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींना डायलिसिसवर जावं लागलं. पीसीओडी असलेल्या प्रत्येक मुलीला 'वजन कमी कर' हेच आधी ऐकवलं जातं. म्हणून ही हकिगत तिच्यापर्यंत पोचायला हवी. 'नैसर्गिक आहे' हे काही औषधाचं प्रमाणपत्र नव्हे.

मैत्रिणींनो, नेट-एन इंजेक्शनविरुद्ध १९८६ मध्ये स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा आपण काय विचारलं होतं? पुरावा काय, धोके काय, बाईला हे सांगितलं का, आणि नको म्हणायची तिला सोय आहे का. १९९४ मध्ये शिरूरच्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्याच्या ससूनमध्ये काढल्या गेल्या तेव्हाही हेच विचारलं. मग सुई समोर आली की हे प्रश्न आपण घरी का ठेवून येतो? हार्मोन म्हटलं की आपण बिचकतो, ते इतिहासामुळे. पण दोन-तीन महिने अंगात राहणारं, एकदा टोचलं की काढता न येणारं इंजेक्शन वेगळं आणि उद्या सकाळी बंद करता येणारी गोळी वेगळी. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. त्यावर रक्तदाब तपासून दिलेली साधी गर्भनिरोधक गोळी किंवा काही महिन्यांनी घ्यायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, साखरेसाठी गरज असेल तर मेटफॉर्मिन, हे उपाय स्वस्त आहेत. मूल हवं असेल तर लेट्रोझोल आहे. २०११ मध्ये सरकारने वंध्यत्वासाठी त्यावर बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली.

आणि मूल हवंच आहे का, हेही तिला विचारावं लागेल. अठरा वर्षांच्या मुलीला हनुवटीवरच्या केसांचा त्रास होत असतो आणि घरचे तिच्या लग्नाच्या, बाळाच्या चिंतेने तिला घेऊन फिरत असतात.

आता कोयत्याचं बघा. त्या चिनी प्रयोगातल्या बायकांना जास्तीत जास्त बत्तीस खेपा होत्या. आपल्या बायका दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि परत येतात उन्हाळ्याच्या तोंडाशी. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. आठवड्याला दोनदा सुई टोचून घ्यायला ती जाणार कुठे? ही उपचारपद्धत तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, हातात पैसा असलेल्या घरातल्या मुलीसाठी आहे, एवढं तरी आपण मान्य करू.

फडावरच्या प्रत्येक बाईला पीसीओडी आहे असं कुणी समजू नये. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं यामागे जंतुसंसर्ग असतो, रक्तक्षय असतो, कधी खरोखरच्या गाठी असतात. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या शंभरात आठसुद्धा नव्हत्या. चाकू आणि सुई या दोन्हींच्या आधीची पायरी ही आहे: तपासणी. ती होतच नाही.

चीनबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पण कोटणीस शल्यविशारद होते, त्यांनी तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. चीनकडून घ्यायचंच असेल तर मी गावातल्या शेतकऱ्यालाच प्राथमिक उपचार शिकवून घडवलेला 'अनवाणी डॉक्टर' घेईन. आणि तसं काम बघायला लांब जायला नको. आपल्या हद्दीला लागून जामखेड आहे, जिथे रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं.

म्हणून माझी सूचना अशी. टोळ्या निघण्याआधी प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब तपासून घ्यायचा आग्रह प्राथमिक आरोग्य केंद्राकडे धरायचा. पाळीची नोंद तिच्या हातात कार्डावर द्यायची, म्हणजे फडाजवळच्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. जिला लागतील तिला सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर द्यायच्या. यासाठी आष्टी-पाटोद्याकडच्या बैठका दसऱ्याच्या आधी घ्याव्या लागतील. दिवाळीनंतर तिथे भेटायला म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरंच उरतात.