बी.पी.ची गोळी कोणत्या भाषेत?

घरोघरी जाऊन बी.पी. तपासण्याची कर्नाटक सरकारची ‘गृह आरोग्य’ योजना २०२४ साली सुरू झाली. योजना चांगलीच आहे. तपासणीच्या यंत्राला भाषा लागत नाही. १४०/९० हा आकडा कोणत्याही भाषेत तोच. भाषा लागते ती त्यानंतर.

डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असे खानापूर-निपाणीकडच्या गावांत सर्रास ऐकू येते. हा आजार बहुधा काहीच त्रास न देता अंगात मुरतो आणि एखाद्या दिवशी अर्धांगवायू होऊनच कळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांचा व २१ टक्के स्त्रियांचा बी.पी. वाढलेला किंवा त्यावर औषध चालू असलेले आढळले. आकडा उतरला की गोळी बंद करणारेही थोडे नाहीत. तो गोळीमुळेच उतरला, हे त्यांना कळेल अशा भाषेत कोणी सांगितलेले नसते.

म्हणून दोन-तीन मिनिटांच्या मोबाईल चित्रफिती आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. वाचता न येणाऱ्या आजीलाही त्या दाखवता येतात. पण त्या नुसत्या कन्नडमध्ये असून भागणार नाही. कन्नडला आमचा विरोध नाही; बाजारात आमची माणसे ती बोलतातच. मात्र भाजी घेण्यापुरती भाषा येणे वेगळे आणि जन्मभराच्या औषधाची सूचना समजणे वेगळे. भाषिक अल्पसंख्याकांना महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, हे केंद्राने १९५६ सालीच मान्य केले आहे. ही सूचना महत्त्वाची नाही, असे कोण म्हणेल?

महाराष्ट्रातल्या चित्रफिती मोबाईलवर येतात की, असे कोणी विचारील. त्यांत ‘उच्च रक्तदाब’ म्हणतात, आमच्याकडे बी.पी. म्हटल्यावरच माणूस कान देतो. शिवाय गोळी इथे कोठे मिळेल, हे त्या कशा सांगणार? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम चमचाभर मीठ सांगते. आमटी, लोणचे, पापड, ठेचा सगळे त्यातच आले, आणि सैंधवालाही सूट नाही. हे इथल्याच चुलीपुढे दाखवले तर पटेल.

आशा कार्यकर्त्या गावच्याच आहेत. त्यांच्या तोंडून अशा चित्रफिती करून घ्याव्यात, मजकूर डॉक्टरांनी तपासावा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभर पुरतील इतक्या गोळ्या ठेवाव्यात, नाहीतर चित्रफीत पाहून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जायचा.