विश्लेषण : अंगणवाडीत नुसते खेळ आणि गोष्टी, मग वाचन कधी?

‘अंगणवाडीत काही शिकवत नाहीत, नुसते खेळवतात’ ही आष्टीसारख्या ग्रामीण तालुक्यांत नेहमी ऐकू येणारी तक्रार. मग तीन वर्षांच्या मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालून पाटी-पेन्सिल धरायला लावले जाते.

गोष्टीचा वाचनाशी काय संबंध?

अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी त्याचा आवाज कानाला वेगळा कळावा लागतो. ससा, संत्रे, सूप यांची सुरुवात सारखी आहे, हे खेळता खेळता उमगले की ‘स’ गिरवण्याला अर्थ येतो. गोष्टीतून शब्द साठतात. शब्दच माहीत नसेल, तर अक्षरे जुळवूनही हाती काही लागत नाही. ‘असर’च्या २०२४च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. हाताने काम करत शिकण्याची ‘नई तालीम’ १९३७ मध्ये वर्ध्यातच मांडली गेली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, तीही गाणी-गोष्टींवरच.

मग घोडे कुठे अडते?

केंद्राच्या २०२३च्या ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रमात रोज दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण अपेक्षित आहे. पण आहार, वजन-उंची, गृहभेटी आणि ‘पोषण ट्रॅकर’वरच्या नोंदी हेही सेविकेकडेच. नोंद राहिली तर वरून विचारणा होते. गोष्ट राहिली तर कोण विचारणार? पालकांनी विचारायला हरकत नाही.