पुन्हा तीच गोष्ट

आवडत्या कादंबरीचा पुढचा भाग निघाला असे कानावर आले, की मला धास्तीच वाटते. पोटभर जेवून उठलेल्या पाहुण्याला यजमानाने दंड धरून पुन्हा पाटावर बसवावे, तशी गत होते. अर्थात हा उद्योग काही आजचा नाही. सर्व्हांटिसचा 'डॉन किहोते' गाजला, तेव्हा १६१४ साली कुणा एका टोपणनावाच्या गृहस्थाने त्याचा दुसरा भाग परस्पर छापून टाकला. सर्व्हांटिसने पुढच्याच वर्षी स्वतःचा दुसरा भाग काढला आणि त्यात या उपऱ्याचा यथेच्छ समाचार घेतला.

आपल्याकडे एवढे तापायचे कारण नव्हते. मोरोपंतांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगतात. त्यांतले एक तर ओठाला ओठ न लावता म्हणायचे! अशा मुलखात जुनी गोष्ट नव्याने सांगणे हा गुन्हा कसा ठरावा? खांडेकरांचा 'ययाति' १९५९ साली आला, तो आपण डोक्यावर घेतलाच. भांडणे लागली ती कर्णावरून. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आणि इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त', दोन्ही १९६७ सालची. एकात कर्ण सूर्यासारखा तळपतो. दुसऱ्यात बाई त्याची काडीची भीड ठेवीत नाहीत. १९७३ साली रणजित देसाईंचा 'राधेय' आला आणि घराघरांत तिसरा पक्ष उभा राहिला.

माझी आत्या पहिल्या पक्षाची. भाईंदरहून उत्तनच्या बसने गेले की वाटेत मोरवा लागते. तिथे तिचे घर. ऐंशी उलटली आहे, डोळ्यांनी दगा दिला आहे, म्हणून अधूनमधून रविवारी मी जाऊन तिला वाचून दाखवतो. एकदा हौसेने 'युगान्त' नेले आणि कर्णावरचा लेख काढला. दोन पाने झाली असतील नसतील, तोच आत्याने हात वर केला. "पुरे. बाई शहाण्या असतील, पण मला नाही ऐकायचं. ते आपलं 'मृत्युंजय' काढ."

ते तिचे कितव्यांदा चालले होते कोण जाणे. आत्या चार वर्षांची असताना आजोबांनी तिला मूलबाळ नसलेल्या चुलत भावाच्या ओटीत घातली होती. घरात हा विषय कुणी काढीत नसे. तेव्हा टाकलेल्या कर्णासाठी तिचा जीव तुटतो, अशी माझी पक्की समजूत.

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. सावंतांच्या कादंबरीत कर्णाबरोबर दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे कितीजण आपापली बाजू सांगतात. त्यांत कुंतीही आहे. मी कुंतीचे वाचीत होतो. शूरसेन राजाने आपली पृथा निपुत्रिक कुंतिभोजाला देऊन टाकली, ती कुंती झाली. ही हकीकत मूळ महाभारतातलीच. मी शंभरदा वाचलेली. आत्या म्हणाली, "हे परत वाच."

मी परत वाचले. बाहेर पोरे फटाके उडवीत होती.

"तुझ्या आजीनं कधी काही बोलून दाखवलं होतं का रे?"

आजी कधीच काही बोलली नाही. पण मला एक आठवले. दर दिवाळीला कढईतून निघालेली पहिली करंजी ती वाटीत झाकून फडताळात ठेवायची. आम्ही पोरे समजत असू, देवाची. देवाचा नैवेद्य तर निराळा निघायचा. मी हे आत्याला सांगितले.

ती बराच वेळ पदराने चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "त्या इरावतीबाईंच्या पुस्तकात कुंतीवर आहे, म्हणालास ना? आणलंयस? मग काढ तेवढं. कर्णाचं मात्र वाचायचं नाही हं."