साक्षीदाराला दोष देण्याआधी



चिनी रहस्यपटांवरील आपल्या लेखाच्या निमित्ताने ‘गुन्हा पाहूनही गप्प बसणारा गुन्ह्यात भागीदारच’ असे एका वाचकाने लिहिले आहे. हे मत मला पटत नाही. व्हिव्हियन छू यांच्या ‘एंजल्स वेअर व्हाइट’ (२०१७) मधली मिया लॉजवर काम करते. मुलींच्या खोलीत शिरणारा माणूस तिला कॅमेऱ्यात दिसतो. पण तिच्याजवळ ओळखपत्र नाही. बोलली तर पोटावर पाय येईल. अपराधभाव तिचा असला, तरी भीती व्यवस्थेने दिलेली आहे.

साक्षीदार बोलला तर काय घडू शकते, हे आपल्याकडे दिसले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खून खटल्यात १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली. पुणे महापालिकेच्या एका सफाई कामगाराची साक्ष त्यात मोलाची ठरली. अशा धैर्यामागे कायदा उभा हवा. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेल्या योजनेनुसार साक्षीदाराला संरक्षणासाठी स्वतः अर्ज करता येतो. आमच्या माळशिरस तालुक्यात हे किती जणांना ठाऊक असेल? प्रत्येक पोलीस ठाण्यात ही माहिती मराठीत लावावी. साक्षीदाराला आधी अभय द्या, मगच त्याच्याकडे जाब मागा.

– एक वाचक, वेळापूर (जि. सोलापूर)