स्टेपर की सर्वो? एमआयडीसीतल्या शेडमधला एक प्रश्न

विषय मशीनचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांची एमआयडीसीत शेड आहे किंवा ज्यांचं लेकरू आयटीआयला आहे, त्यांनी तर नक्की वाचा.

परवा नांदेडच्या एमआयडीसीत एका जुन्या मित्राच्या वर्कशॉपवर बसलो होतो. दोन लेथ, एक ड्रिल आणि एक जुनं मिलिंग मशीन. काम नेहमीचं. साखर कारखान्याचं कपलिंग, दालमिलचा शाफ्ट, जिनिंगचा गिअर. आता त्याला त्या मिलिंगला मोटारी आणि कंट्रोलर बसवून सीएनसी करायचंय. नवं मशीन घ्यायची ऐपत नाही. हातात दोन कोटेशन होते, एक स्टेपरचं, दुसरं सर्वोचं. सर्वोचं जवळपास दुप्पट. मला म्हणाला, "पत्रकार, पुढाऱ्यांना एवढे प्रश्न विचारता, आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. कोणती घेऊ?"

उत्तर मला येत नव्हतं. चार जाणत्या माणसांना विचारलं, ते असं.

स्टेपर मोटार पावलं टाकत फिरते. एका फेऱ्यात साधारण 200 पावलं. 5 मिमी पिचचा स्क्रू असेल तर एका पावलाला टेबल 0.025 मिमी सरकतं. पण कंट्रोलर फक्त हुकूम देतो. पाऊल खरंच पडलं का, हे तो बघत नाही. सर्वोच्या मागं एन्कोडर असतो. मोटार किती फिरली हे तो सतत कळवतो, आणि फरक फार पडला की अलार्म देऊन मशीन थांबतं.

मित्राच्या शेजारच्या शेडमध्ये नेमकं हेच घडलं होतं. खोल कट घेताना टेबल अडलं, स्टेपरची काही पावलं हुकली, कंट्रोलरला पत्ताच नाही. प्रोग्राम पुढं चालूच राहिला. सगळी बॅच अर्ध्या मिलिमीटरनं सरकलेली निघाली आणि पार्टीनं माल परत पाठवला. महिन्याची कमाई भंगारात गेली.

आता कोटेशनमधली मेख बघा. स्टेपरवर लिहिलं होतं 12 न्यूटन-मीटर, साडेसातशे वॅटच्या सर्वोवर फक्त 2.4. बघणाऱ्याला वाटतं स्टेपर पाचपट ताकदवान. पण ते 12 मोटार जागेवर उभी असतानाचे आहेत. वेग वाढला की स्टेपरची ताकद ओसरत जाते. सर्वो तिचे 2.4 तीन हजार आरपीएमपर्यंत देते, आणि क्षणभर त्याच्या तिप्पट जोर लावू शकते. तिला एकास तीनचा बेल्ट लावला तर हजार आरपीएमला सातच्या आसपास मिळतात. टेबल मिनिटाला 5 मीटर पळायला तेवढा वेग पुरतो. हे विकणारा सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

पण सर्वो घेतली म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. मशीनचा स्क्रूच झिजलेला असेल, चाक उलटं फिरवल्यावर पाव फेरा मोकळा जात असेल, तर एन्कोडर काय करणार? तो मोटारीवर बसलेला आहे, टेबलावर नाही. आणि आपल्याकडची लाईट! मध्येच गेली की साधा एन्कोडर असेल तर दोन्ही मोटारी आपली जागा विसरतात. म्हणून होमिंगचे स्विच लागतातच. उभ्या अक्षाला बॉल स्क्रू लावला तर ब्रेकही हवा, नाहीतर लाईट गेल्याबरोबर वजन खाली येतं.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा स्क्रू आणि स्लाइडवर घाला. एक-दोन नगांचं काम, हलके कट, माणूस समोर उभा असेल, तर हिशेबानं निवडलेली स्टेपर पुरते. तिथं सर्वो म्हणजे मिरवायचा खर्च. पण बॅचचं काम घेणार असाल आणि नाकारलेला माल तुमच्याच डोक्यावर येणार असेल, तर सर्वोच घ्या. मधला रस्ता एन्कोडरवाल्या क्लोज्ड लूप स्टेपरचा आहे. बहुतेक शेडला तो परवडेल. आणि ड्राइव्ह बिघडला तर पुण्याहून माणूस यायला किती दिवस लागतील, हे पैसे देण्याआधी विचारा.

आता आपल्या विषयाकडं येतो. हा सल्ला माझ्यासारख्या बातमीदारानं का द्यावा? विष्णुपुरीला 1981 पासून एसजीजीएस अभियांत्रिकी संस्था आहे. नांदेडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, लातूरला पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आहे. यापैकी एकानं तरी एक जुनं मिलिंग घ्यावं, एका अक्षाला स्टेपर आणि दुसऱ्याला सर्वो बसवावी, आणि शनिवारी शेडवाल्यांना बोलावून चालवून दाखवावं. पोरांचा प्रोजेक्ट होईल आणि मालकाचे लाखभर रुपये वाचतील.

दुसरी गोष्ट अनुदानाची. पीएमईजीपीसारखी योजना मुळात नवा उद्योग उभारण्यासाठी आहे. स्वतःच्या पैशावर पंधरा वर्षं शेड चालवणारा तिच्यात बसत नाही. नवं दुकान मांडणाऱ्याला मदत आणि टिकलेल्याला काहीच नाही, हे कसं? जुन्या मशीनच्या सुधारणेलाही मदत मिळाली पाहिजे.

लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन 31 मार्च 2018 ला झालं. आम्ही सगळ्यांनी पानभर बातम्या छापल्या, मीही छापली. पण त्या कारखान्याचं एखादं छोटं काम उद्या आपल्या एमआयडीसीत आलं, तर ते मापात करून देणारी मशीन किती शेडमध्ये आहेत, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. मोठा प्रकल्प येणार म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि आपला फिटर चाकणची गाडी धरतो तेव्हा गप्प बसायचं, हे आता पुरे.

मित्रानं अजून ऑर्डर दिलेली नाही. आधी स्क्रूचा प्ले मोजतो म्हणाला. तुमच्यापैकी कुणी असं मशीन केलं असेल तर खाली लिहा. काय बसवलं, किती खर्च आला, काय चुकलं. चुकलेलं आधी लिहा, त्याचाच जास्त उपयोग होईल.